अर्ध्यावर सोडलेलं आख्यान

या, जरा पुढे सरकून बसा. चपला कुठे काढल्यात त्याची काळजी सोडा, आणि घरी गॅसवर काही ठेवून आला असाल तर आधी बंद करून या. मग निवांत ऐका. गोष्ट सांगतो भाईंदरच्या एका पेटीवालीची. देवाची आहे, सिनेमाची आहे, आणि या दोघांच्या मधे सापडलेल्या एका चांगल्या बाईची आहे. चांगल्या म्हणतो ते मुद्दाम. शेवटपर्यंत ऐका आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

साल एक्क्याण्णव-ब्याण्णव असेल. भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत रामाचं एक छोटं देऊळ होतं. तिथे कीर्तनाला पेटीवर बसायची शुभदा. गिरगावातून बिऱ्हाड हलवून नवराबायको इथे दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली, तेव्हा सामानात सगळ्यात वर पेटी होती. दिवसा विम्याच्या कचेरीत नोकरी, संध्याकाळी घर, आणि एकादशीला, उत्सवाला देवळात पेटी. बोटं अशी हलकी, की सूर कुठून आला ते कळू नये. कीर्तनकाराच्या गळ्यातूनच निघाला असं वाटावं.

पण या बाईचं एक दुसरं दैवत होतं, ते म्हणजे सिनेमा. आणि त्यातही नायक-नायिका नाहीत बरं का. तिचा जीव सगळा विनायक ठोसर नावाच्या नटावर. तुम्हाला नाव आठवायचं नाही, चेहरा आठवेल. हिंदी सिनेमात घरचा जुना नोकर व्हायचा, मुनीम व्हायचा, नायिकेचा दमेकरी बाप व्हायचा आणि मध्यंतराच्या आधी मरायचा. शुभदा म्हणायची, "तो मेला की माझा सिनेमा संपतो. पुढे नुसती मारामारी." चाळीस वर्षं हा माणूस पडद्याच्या कडेला उभा राहून इतरांना उजळत होता आणि त्याला आजवर कोणी एक नारळसुद्धा दिला नव्हता. त्या वर्षी मात्र पेपरात आलं होतं, की सिनेमाच्या बक्षिसांच्या मोठ्या समारंभात ठोसरांचा जन्मभराच्या कामाबद्दल सत्कार झाला. समारंभ होऊन गेला होता, तो टीव्हीवर दाखवणार होते रविवारी संध्याकाळी सातला. आणि तो रविवार आला नेमका रामाच्या नवरात्रात.

आता कीर्तनकारांची ओळख करून देतो. धर्माजीबुवा. मूळचे रायगडकडचे. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर उभं आयुष्य काढलं, आणि रोज संध्याकाळी हातपाय धुऊन अभंग पाठ केले. म्हातारपणी पूर्ण वेळ कीर्तनाला लागले. नवरात्रात रोज संध्याकाळी त्यांचं कीर्तन, आणि नवमीला दुपारी जन्माचं कीर्तनही त्यांचंच. ते तर त्यांच्याशिवाय कोणी केलेलं गावाने पाहिलंच नव्हतं. अंगावर स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळाला बुक्का. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे समोरचे श्रोते त्यांना धुक्यातल्या झाडांसारखे दिसायचे. भिंतीवरचं घड्याळ तर दिसायचंच नाही, आणि दिसलं असतं तरी त्यांनी पाहिलं नसतं.

"कीर्तनकाराने घड्याळाकडे पाहिलं," ते म्हणायचे, "की श्रोते चपलांकडे पाहतात. वेळ मी शुभदेवर टाकलीय. ती सांभाळते."

ते कसं, ऐका. कीर्तनात सुरुवातीला एक अभंग घेतात, त्याला मूळ पद म्हणतात. बुवा बोलत बोलत लांब जातात, दृष्टांत देतात, हसवतात, आणि शेवटी पुन्हा त्याच पदावर येतात. बुवांची आणि शुभदेची एक खूण ठरलेली होती. वेळ होत आली, की ती खालच्या सप्तकात मूळ पदाची पहिली ओळ अगदी हलकेच वाजवायची. श्रोत्यांना वाटायचं, बाई नुसता सूर धरून बसल्यात. बुवांना कळायचं, की आवरायला हवं. दोन-चार वाक्यांत ते गोष्ट अशी वळवून आणायचे, की बैल आपल्या पायांनी गोठ्यात यावा. कित्येक वर्षांत ही खूण कधी चुकली नव्हती. त्या दोघांखेरीज ती एका नाथालाच, म्हणजे तबलजीलाच, ठाऊक होती.

त्या रविवारी शुभदेने सगळा हिशेब नीट बसवला होता. कीर्तन पाचला, आरती फार तर साडेसहाला. घर चालत पाच मिनिटांवर. नवरा फिरतीवर, म्हणून घराची किल्ली शेजारच्या हंसाबेनकडे दिलेली. दरवर्षी हा बक्षिसांचा सोहळा बघायला मजल्यावरच्या सगळ्या बायका शुभदेकडे जमायच्या, कारण पेपरातली बक्षिसांची यादी मुद्दाम न वाचता कोणाला बक्षीस मिळणार हे शुभदा आधीच सांगायची आणि ते बरोबर निघायचं.

पण देवळात पाचला कीर्तन सुरूच झालं नाही. नगरपरिषदेला उभे राहणारे कोणी एक गृहस्थ आले. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या दशरथने त्यांना शाल दिली. शाल मिळाल्यावर त्यांना बोलणं भाग पडलं. ते पाण्यावर बोलले. भाईंदरच्या माणसापुढे पाण्यावर बोलायला लागलं, की माणूस उठत नाही; तो चिडून का होईना, बसून राहतो. बुवा उभ्याउभ्या टाळ हातात धरून ऐकत होते. शुभदा पेटीचा भाता उगाच हलवत घड्याळाकडे बघत होती.

सहा वाजायला आले तेव्हा बुवांनी मूळ पद धरलं.

पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचं निरूपण, नेहमी तासभर चालायचा. बुवा 'उशीर' या विषयावर बोलत होते. देवाकडे उशिरा पोहोचलेला म्हणून कोणी नसतो, असं काहीतरी. शुभदेला एरवी त्यांचा शब्द न् शब्द पाठ असायचा, आज ऐकूच येईना. डोळ्यांपुढे एकच चित्र: ठोसर पायऱ्या चढतायत, आणि आपण इथे. अर्धा तास झाला नसेल तोच तिच्या बोटांनी खालच्या सप्तकात मूळ पदाची ओळ वाजवली.

तिनेच वाजवली. बोटं आपोआप गेली असं तिने पुढे मनाला पुष्कळदा समजावून पाहिलं, पण बोटं काही आपोआप जात नाहीत.

नाथाने तबल्यावरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बुवांची मान एवढीशी वळली. हातातला दृष्टांत त्यांनी तिथेच खाली ठेवला आणि पदावर आले. मग रीतीप्रमाणे मध्यंतर झालं, बुवांना बुक्का लावला, हार घातला, सगळ्यांनी गजर केला. आणि आख्यान सुरू झालं.

आख्यान बुवांनी स्वतः रचलेलं होतं. कोकणातल्या एका गावात भागी नावाची म्हातारी सुईण होती. रामजन्माच्या पाळण्याची दोरी ती दरवर्षी आपल्या हाताने वळायची, तो तिचा मान. एका नवमीला ती दोरी घेऊन निघाली, तर वाटेत एका खोपटातून कण्हण्याचा आवाज आला. आत एक पोर बाळंत होत होती आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. भागी थांबली. दुपार टळली. देवळातला शंख तिने तिथूनच ऐकला. सगळं आवरून धापा टाकत पोचली, तेव्हा देवळाचं दार गर्दीने आतून लोटलेलं. आत पाळणा म्हणत होते. दुसरीच कोणती तरी दोरी लावली होती. भागी पायरीवर बसली, मांडीवर आपली दोरी घेऊन.

इथे बुवा थांबले. असे थांबायचे ते, तेव्हा पंख्याचाही आवाज मोठा वाटायचा. पहिल्या ओळीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावला होता. आणि त्या शांततेत खालच्या सप्तकातून मूळ पद आलं.

बुवांनी तिच्या दिशेने पाहिलं. त्यांना ती दिसत नव्हती, नुसतं तिच्या पातळाचं निळेपण दिसत असेल. क्षणभर त्यांचे ओठ तसेच उघडे राहिले. मग ते म्हणाले, "आणि... देवाने तिच्यावर कृपा केली." आणि पद धरलं.

बस. आरती झाली, लोक उठले. एक आजीबाई चप्पल शोधता शोधता म्हणाल्या, "अगो, पण ती म्हातारी दाराबाहेरच राहिली की." दुसरी म्हणाली, "बुवा थकलेत आता."

शुभदा पेटीला कापड गुंडाळत होती. बुवा चाचपडत जवळ आले. "शुभदे, वेळ फार झाली का गं आज?"

"हो ना बुवा. ते भाषणच लांबलं."

"भाषण लांबलं ते खरं. पण मला वाटलं, माझं आत्ता कुठे सुरू झालंय. पूर्वरंगात पण तसंच झालं. मी..." ते जरा घुटमळले. "मी तेच तेच बोलतोय का? म्हाताऱ्या माणसाला कळत नाही ते. खरं सांग."

तिला नुसतं नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं, तर मग खूण एवढ्या लवकर का दिली हा प्रश्न आला असता. भिंतीवरचा काटा सातच्या पुढे सरकला होता.

"थोडंसं आलं बुवा, तेच तेच," ती म्हणाली. "वयाने होतंच की. एवढं काही नाही." आणि चपला घालून निघाली.

घरी हंसाबेनने टीव्ही लावून ठेवला होता. समोर गाठिया, वेफर्स, चहाचे कप. खालच्या मजल्यावरची रसिका, कॉलेजातली, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर.

"आईये आईये, भगतजी," हंसाबेन म्हणाली. "तुमारे बिना इधर कुछ समझमें नहीं आता. वो लाल ड्रेसवाली कौन छे?"

"ठोसर झाले का?" शुभदेने पदराने तोंड पुसत विचारलं.

"कुठले? नाचच चाललाय केव्हाचा," रसिका म्हणाली. "तो हीरो बघा मावशी, पाच वर्षांत एकच स्टेप शिकलाय, ती पण अर्धीच येते."

शुभदा बसली. एरवी ती टीव्हीच्या इतकी जवळ बसायची की हंसाबेन चिडायची. बक्षीस जाहीर व्हायच्या आधी कॅमेरा नामांकन मिळालेल्या चौघींच्या तोंडावरून फिरायचा, तेव्हा शुभदा म्हणायची, "चेहरे नका बघू, टाळ्या बघा. जी पोकळ टाळी वाजवते ना, तिला आतून कळलंय आपलं नाही म्हणून." आणि तसंच निघायचं. आज कॅमेरा फिरला, नाव जाहीर झालं, खांद्यांना उशा शिवलेला ड्रेस घालून नायिका वर गेली, आईवडिलांचे, देवाचे आणि प्रोड्युसरचे आभार मानून खाली आली.

"मावशी, तुम्ही हीच सांगितली होतीत," रसिका म्हणाली. "कसं काय कळतं हो तुम्हाला?"

"कीर्तनमें भगवान कानमें बोलते होंगे," हंसाबेन म्हणाली.

सगळ्या हसल्या. शुभदाही हसली, पण हातातला वेफर तिने परत बशीत ठेवला. 'ती म्हातारी दाराबाहेरच राहिली की.' ती मनाला म्हणाली, उद्या विचारू बुवांना, उद्याच्या कीर्तनात भागीचं पुढचं सांगा म्हणून. जातंय कुठे? तेवढ्याने जरा बरं वाटलं. मग आठवलं, की आपण त्यांना आणखीही काही बोललो आहोत. ते परत कसं घ्यायचं, ते काही सुचेना.

उत्तम खलनायक झाला, उत्तम गाणं झालं. एका नटाला बक्षीस मिळालं तर तो आलाच नव्हता. त्याच्या वतीने कोणीतरी कुठला तरी काका ट्रॉफी घेऊन गेला.

"ये काका भी हर साल आता है," हंसाबेन म्हणाली. "सबका काका एकही है."

आणि मग ठोसर आले.

शुभदा उठून उभी राहिली. आपण उभ्या आहोत हे तिला कळलंही नाही. पांढरा झब्बा, हातात काठी. पडद्यावर इतकी वर्षं वाकून चालणारा माणूस इथे ताठ चालायचा प्रयत्न करत होता. पायरीवर एक मुलगी हात द्यायला आली, त्यांनी तिलाच आधी नमस्कार केला. सभागृह उठून उभं राहिलं. शुभदेचे डोळे भरले.

ठोसरांनी माईक जरा खाली ओढला. "मुझे बोलना नहीं आता," ते म्हणाले. "आज तक जो बोला, दूसरोंका लिखा हुआ बोला." लोक हसले. "एक बात बतानी है. बहुत साल से किसीको बतानी थी. जब पहली बार कॅमेरे के सामने खडा हुआ, मेरे हाथमें एक ट्रे था. और उस ट्रे में..."

आणि दात घासणारं एक आनंदी कुटुंब पडद्यावर आलं.

जाहिरात संपली. सोहळा पुन्हा सुरू झाला तो एकदम पुढच्या नाचावर. ठोसर नव्हते.

"अरे," हंसाबेन म्हणाली. "ट्रे में क्या था?"

"चहा असणार, अजून काय," रसिका म्हणाली. "बरं झालं कापलं. म्हातारी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत."

शुभदा खाली बसली. पडद्याच्या मागे कुठेतरी एका खोलीत कोणी माणूस बसलेला असणार. बटणावर हात. वाईट नसेल तो. त्याला वाटलं असेल, लांबतंय. घरी जायचं असेल, बायको वाट बघत असेल. ठोसर तिथे नक्की पुढे बोलले असतील, ट्रेमध्ये काय होतं ते सांगितलं असेल, समोरच्यांनी ऐकलंही असेल. पण देशभर घराघरांतून बसलेल्यांसाठी ते वाक्य तिथेच संपलं. चाळीस वर्षांनी त्या माणसाला एक गोष्ट सांगायची होती.

आणि बुवांचे ओठ तसेच उघडे राहिले होते.

"मावशी, रडताय काय," रसिका म्हणाली. "मिळालं की बक्षीस त्यांना."

"मिळालं ना," शुभदा म्हणाली. "चहा टाकते परत."

ओट्याशी ती बराच वेळ उभी राहिली. उत्तम नायक कोण झाला ते तिने ऐकलंच नाही. आतून हंसाबेनने ओरडून सांगितलं, तेव्हा म्हणाली, "हां, तोच होणार होता."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून ती तडक देवळात आली. दशरथ एकटाच सतरंज्या झटकत होता.

"आज बुवा नाहीत," तो म्हणाला. "आज भजनी मंडळ. उद्यापासून ठाण्याचे बुवा येतायत. नवमीलापण तेच."

"का? बुवांना बरं नाही का?"

"बरं आहेत. सकाळी स्वतः आले होते, सरूकाकींचा हात धरून. म्हणाले, आता मला बाजूला करा. मी म्हटलं, अहो बुवा, जन्माचं कीर्तन तुमच्याशिवाय कोण करणार? तर म्हणाले, मी तेच तेच बोलायला लागलोय, आणि मला कळत नाहीये. देवापुढे असं नको. मी म्हटलं, कोण म्हणालं तुम्हाला? तर म्हणाले," दशरथने सतरंजीची घडी छातीशी धरली, "शुभदा म्हणाली. आणि ती खोटं बोलायची नाही."

शुभदेने पर्स खांद्यावरून काढली, पुन्हा अडकवली. "ठाण्याच्या बुवांना सांगून झालं?"

"बुवांनीच इथून फोन लावला त्यांना. मी नंबर फिरवून दिला."

बुवांचं घर स्टेशनच्या बाजूला, एका बैठ्या चाळीत. ती पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. दारात सरूबाई, बुवांची बायको, तांदूळ निवडत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. 'ये गं बाय' म्हणायच्या नेहमी. आज नुसतं 'ये' आलं.

बुवा खाटेवर बसले होते. टाळ खुंटीला. शुभदा त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली आणि वाकडंतिकडं न करता सगळं बोलून टाकलं. खूण आधी दिली. दोनदा दिली. टीव्हीवर सिनेमाचा कार्यक्रम होता म्हणून दिली. तुमचं काही चुकलं नव्हतं. तेच तेच काही आलं नव्हतं. मी खोटं बोलले.

बुवांनी शांतपणे ऐकलं. मग हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला. "पोरी, तुझा जीव मोठा. पण म्हाताऱ्याची अशी समजूत घालू नकोस."

"समजूत नाही बुवा. खरं सांगते."

"सिनेमासाठी कोणी देवाचं कीर्तन तोडतं का? तू तर नाहीच नाही. तुझ्या पेटीवर डोळे मिटून चालतो मी."

पाहा आता कसं झालं. काल खोटं बोलली, ते त्यांनी डोळे मिटून खरं मानलं. आज खरं बोलत होती, तर ते त्यांना खोटं वाटत होतं, कारण ती असं करेल हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं. शुभदेला वाटलं, यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

"तोडतात हो," सरूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "का नाही तोडणार? तुमचा विश्वास म्हणजे काय सरकारी शिक्का हाय का?" मग शुभदेकडे वळून म्हणाल्या, "काल घरी आल्यापासून जेवले न्हाईत. इथं बसून स्वतःलाच सगळं आख्यान सांगत होते. एकदा न्हाय, तीन-तीनदा. तेच तेच कुठे येतंय ते शोधत होते. मला विचारत होते, सरू, हे मी मघाशी बोललो का गं? मी काय सांगणार?"

शुभदेने तोंड झाकून घेतलं. मग म्हणाली, "बुवा, माझं नका मानू. पण भागी पायरीवर बसली, त्याच्या पुढचं मला सांगा. इथेच सांगा. पेटी नाही, काही नाही. कुठे काही दुसऱ्यांदा आलं, तर काकी तुम्हाला थांबवतील."

बुवांनी खाटेवर मांडी घातली. बाहेर कोणीतरी नळाला हंडा लावत होतं. मग ते नेहमीच्या त्या हळू आवाजात बोलू लागले.

आत पाळण्यात बाळराम ठेवला. दोरी ओढली. पाळणा हलेना. पुजाऱ्याने कड्या पाहिल्या, साखळ्या पाहिल्या. पाटलांनी ओढली, पाटलिणीने ओढली. पाळणा जागचा हलत नाही. सुताराला बोलवा म्हणून पुजाऱ्याने दार उघडलं, तर पायरीवर भागी. ती घाबरून उठली. म्हणाली, बाबा, चुकले, वेळ टळली माझी. पुजाऱ्याने तिचे हात पाहिले. धुतलेले होते, पण पातळाला बाळंतिणीचे डाग. त्याने विचारलं, कुठे होतीस? ती म्हणाली, टोकाच्या खोपटात. पोर अडली होती. मुलगा झाला. केव्हा? तुमचा शंख झाला ना, तेव्हाच.

"आणि तो पुजारी," बुवा म्हणाले, "तिच्या शेजारी पायरीवर बसला. म्हणाला, मग आम्ही आत कोणाला जोजवतोय, भागे? तो तर तुझ्या हातावर आलाय. आणि उठला. गुलाल घेतला, सुंठवडा घेतला, भागीची दोरी घेतली, आणि सगळं गाव त्या खोपटाकडे निघालं पाळणा म्हणायला."

सरूबाईंनी सूप केव्हाच खाली ठेवलं होतं. नळावरची बाई दारात येऊन थबकली होती. तिकडे नळाखाली हंडा भरून सांडत होता, तिला कळत नव्हतं.

"एक शब्द तरी दुसऱ्यांदा आला का हो?" शुभदेने विचारलं.

"न्हाय आला," सरूबाई म्हणाल्या.

 बुवांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू खाली बसत होतं, जसा पाण्यातला गाळ बसतो. आता त्यांना खरं वाटलं होतं. आणि शुभदेच्या लक्षात आलं, की खरं वाटणं हे त्यांना जास्त दुखलंय. आपण थकलो, हे त्यांनी सोसलं असतं.

शेवटी ते म्हणाले, "मग दिसला का तो तुझा नट?"

"दिसला."

"काय बोलला?"

"बोलायला लागला होता, बुवा. मधेच कापलं. काय सांगायचं होतं ते कळलंच नाही."

"अरेरे," बुवा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. त्या माणसाबद्दल त्यांना वाईट वाटलं होतं. शुभदेला त्या 'अरेरे'ने जे रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना.

"बुवा, मी आत्ता दशरथला सांगते. ठाण्याला परत फोन करते. नवमी तुमचीच."

"नको," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय. तरणा मुलगा आहे, त्याने तयारी सुरू केली असेल. त्याला कशाला अर्ध्यावर उठवायचं? तू त्याला नीट साथ कर. तो घाईने बोलतो म्हणतात. त्याला जरा धर."

सरूबाई तिला सोडायला दारापर्यंत आल्या. "आलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण मला विसरायला वेळ लागंल हां." शुभदेने मान हलवली. तिला ते ऐकून उलट थोडा आधार वाटला.

नवमीला ठाण्याच्या बुवांचं कीर्तन झालं. छान झालं. आवाज मोकळा, चाली नव्या, तरुण पोरंसुद्धा येऊन बसली. शुभदेने जीव ओतून साथ केली. मान वर करून पाहिलं नाही, कारण समोर पहिल्या ओळीत धर्माजीबुवा बसले होते, मांडी घालून, सगळ्यांसारखी टाळी वाजवत. आणि टाळी कशी वाजते ते शुभदेला फार चांगलं कळायचं. ती पोकळ नव्हती. तेवढं मात्र तिला सहन झालं नाही. जन्माचा गुलाल उधळला, तेव्हा गुलालाच्या नावाखाली तिने डोळे पुसून घेतले.

लोकांना ठाण्याचे बुवा आवडले. पुढल्या वर्षी विश्वस्तांनी त्यांनाच बोलावलं, त्याच्या पुढल्या वर्षीही. कोणी काही ठरवून केलं नाही. धर्माजीबुवा एकादशीला करत राहिले, पंधरा-वीस माणसांपुढे, पेटीवर शुभदाच. पण जन्माचं कीर्तन त्यांच्याकडे परत आलं नाही. ते वारले तोवर नाहीच. शुभदेने नंतर दशरथला, नाथाला, विश्वस्तांना, सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. लोक म्हणाले, असू दे हो, झालं ते झालं. लोकांचं झालं. तिचं होत नव्हतं.

तर मंडळी, एवढीच गोष्ट. शुभदेला बोल लावायचा तर लावा, ती ऐकून घेईल. तिने स्वतःला त्याहून जास्त लावलाय. तुमच्याकडे माझं मागणं एकच. चैत्रात तुमच्या देवळात रामजन्म होईल, सुंठवडा हातावर पडेल, तेव्हा घटकाभर धर्माजीबुवांची आठवण ठेवा. त्यांचं नाव घ्या. तिकडे भाईंदरला ते घेणारी एकच बाई उरली आहे, आणि तिला ते एकटीने घेणं फार जड जातं.